घर बांधावे कोठे?



गावात नवे घर बांधायचे ठरले की आपण मुहूर्त पाहतो, दिशा पाहतो, रस्ता किती जवळ तेही पाहतो. पण त्या जागेवर पाणी कधी आले होते काय, वरचा डोंगर कधी सुटला होता काय, हे विचारणारा मनुष्य विरळाच. आज याच प्रश्नाविषयी चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

पुष्कळांना असे वाटते की, कोठेतरी एखादा मुलूख असा असेल, जेथे पूर नाही, भूकंप नाही, वादळ नाही, दुष्काळ नाही. तेथे जाऊन राहिले म्हणजे झाले! असा मुलूख मात्र सापडत नाही. दख्खनचे पठार हे पुरातन आणि स्थिर, असे आपण शाळेत शिकलो. १९९३ साली लातूर जिल्ह्यातील किल्लारीचा परिसर देशाच्या तेव्हाच्या भूकंपनकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. त्याच वर्षी अनंत चतुर्दशीची रात्र सरत असताना, ३० सप्टेंबरच्या पहाटे, तेथली जमीन हादरली आणि सरकारी गणतीप्रमाणे जवळजवळ आठ हजार माणसे गेली. पुढे तो नकाशा बदलावा लागला.

मग जागा निवडण्यात काही अर्थच नाही काय? आहे, फार आहे. फक्त प्रश्न थोडा बदलून विचारायला हवा. ‘कोणता जिल्हा सुरक्षित?’ असे न विचारता ‘माझ्याच शिवारात कोणती जागा बरी?’ असे विचारावे. कारण पूर आणि दरड यांच्या बाबतीत जगणे-मरणे पुष्कळदा दोन-चारशे पावलांच्या अंतरावर ठरते.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते. त्यांनी गावच्या जमिनीची वाटणी दोन शब्दांत केली : काळी आणि पांढरी. काळी ही पिकवायची, पांढरी ही वसायची. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर उथळ पाया घातला तर भिंती तडकायच्याच. म्हणून गाव बसवले ते उंचवट्यावर, पांढरीवर. नदी जवळ, पण पायाशी. आज वस्ती वाढली, पांढरी पुरेनाशी झाली, आणि नवी घरे ओढ्याच्या काठी, नदीच्या मळईत, डोंगर खोदून केलेल्या सपाटीवर उभी राहू लागली. धोका वाढला तो येथे.

प्रथम पाण्याचे पाहू. सांगलीला कृष्णेवरील आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट धरतात. २००५ सालचा महापूर लोकांच्या आठवणीत होता. त्या खुणेच्या वर घर असले म्हणजे भय नाही, असे कित्येकांनी धरले होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेले आणि ती जुनी खूण बुडाली. यावरून एवढे घ्यावे की, पुराची खूण जरूर पाहावी, पण ती पाण्याची शेवटची सीमा समजू नये.

पाटबंधारे खात्याच्या नकाशात नदीकाठी निळी रेषा आणि लाल रेषा आखलेली असते. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. येथे एक गैरसमज होतो. ‘शंभर वर्षांचा पूर परवाच येऊन गेला, आता नातवंडांनी काळजी करावी,’ असे लोक म्हणतात. पण त्या शब्दांचा अर्थ तसा नाही. दर वर्षी असा पूर येण्याची शक्यता शंभरात एक, एवढाच तो अर्थ. गेल्या वर्षी आला म्हणून यंदा तो सुट्टी घेत नाही. शिक्षकबंधूंनी हे गणित वरच्या वर्गात जरूर करून दाखवावे. लाल रेषेवरच्या घरात तीस वर्षे राहिले, तर एकदा तरी पाणी आत येण्याची शक्यता सुमारे चारांत एक. निळ्या रेषेवर घर असेल तर हीच शक्यता दहांत सात! आयुष्याची कमाई घालताना हा हिशेब डोळ्यांपुढे असावा.

आता डोंगराकडे वळू. सह्याद्रीच्या उतारावर काळ्या खडकावर झिजलेल्या मातीचा जाड थर असतो. मुसळधार पावसाचे पाणी त्यात मुरते. खालचा खडक ते सहजी पुढे जाऊ देत नाही. माती जड होते, तिची पकड सुटते आणि सारा थर खाली येतो. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण असेच गाडले गेले. १५१ माणसे दगावली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी गेली. तेथे २७ मृतदेह मिळाले आणि ५७ माणसांचा पत्ताच लागला नाही. ही वाडी दरडींच्या धोक्याच्या यादीतही नव्हती. म्हणजे यादीत नाव नाही म्हणून निर्धास्त राहता येत नाही. आपले डोळे उघडे ठेवावे लागतात.

काय पाहावे? घराच्या वरच्या अंगाला जमिनीला नवी भेग पडली आहे काय? झाडे वा खांब खालच्या बाजूला कलले आहेत काय? पूर्वी नव्हता तेथे झरा फुटला काय? ओढ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, किंवा भर पावसात अचानक आटले काय? दारे-खिडक्या चौकटीत अडकू लागल्या काय? यांतले काही दिसले तर रात्र पडू देऊ नये. माणसे आणि गुरे बाजूला काढावीत आणि तलाठ्याला, तहसीलदाराला लगेच कळवावे. घर मुळातच घळीच्या तोंडाशी नको, आणि उभा उतार कापून त्याच्या पायाशीही नको. भरावाची जमीन सपाट दिसते म्हणून भुलू नये. माळीणच्या लोकांना आमडे येथे नवी घरे मिळाली, तेथेही २०१७ च्या पहिल्याच पावसात काही ठिकाणी भराव खचला.

भूकंपाचे मात्र निराळे आहे. तो कोठे आणि केव्हा होईल, हे आधी सांगता येत नाही. तेथे जागेपेक्षा घर महत्त्वाचे. किल्लारी भागात घरे माळवदाची होती. चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यांवर वर्षानुवर्षे वाढत गेलेला पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात हे घर गार, पण हादऱ्यात हेच ओझे निजलेल्या माणसांवर कोसळले. म्हणून छप्पर हलके असावे, भिंतीत पूर्ण जाडीचे आडवे दगड असावेत, आणि दारा-खिडक्यांच्या माथ्यावरून चारी भिंतींना बांधणारी सिमेंट-सळ्यांची पट्टी सलग फिरलेली असावी. कोकणकिनारी छप्पर हलके आणि शिवाय घट्ट जखडलेले हवे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात पत्रे कसे उडाले, ते रायगडच्या लोकांना सांगायला नको.

श्रोतेहो, तुमच्यापैकी कोणी म्हणेल, ‘गुरुजी, हे सगळे खरे, पण आमच्याकडे दुसरी जागा आहे कोठे?’ हा प्रश्न रास्त आहे. इर्शाळवाडीचे लोक हौसेने कड्याखाली राहत नव्हते. त्यांचे रान, त्यांचे पोट तेथे होते. जागा निवडायची मोकळीक ज्याच्या गाठी पैसा त्यालाच अधिक मिळते. ओढ्याकाठची आणि दरडीखालची जमीन गरिबाच्या वाट्याला येते. म्हणूनच हे काम एकट्या घरधन्यावर सोडून चालणार नाही. घरकुले मंजूर होताना, गावठाण वाढवताना, ग्रामसभेने आधी जागा पाहावी आणि मग घर नेमून द्यावे. शेतापासून पायी जाता येईल अशी बरी जागा गावाने राखून ठेवली, तर माणसाला पोट आणि जीव यांतून एकच निवडावे लागणार नाही.

शाळेतल्या शिक्षकांना एक विनंती. या उन्हाळ्यात मुलांकडून गावाचा एक नकाशा करून घ्या. वृद्धांना विचारून पुराच्या पाण्याच्या खुणा, जुने ओढे, बुजवलेले नाले, पूर्वी दरड आलेल्या जागा त्यात भरा. तो नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. ओढा बुजवणारा मनुष्य विसरतो, पण ओढा आपली वाट विसरत नाही. ज्यांना ती वाट ठाऊक आहे अशी माणसे गावात आहेत, तोवरच ती कागदावर उतरून घेतली पाहिजे.