सायकल, लिंबू-सरबत आणि आपण

गेल्या जुलैत इलिनॉय प्रेअरी पाथवर चाळिसाव्या मैलाला डोळ्यांपुढे अंधारी आली. पोटात फक्त सकाळचा चहा, दोन्ही बाटल्या रिकाम्या. बायकोने गाडी आणून घरी नेलं.

कारण साधं. जोरात सायकल चालवली की स्नायूंतला साखरेचा साठा दीड-दोन तासांत संपत येतो. म्हणून आता दर तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे एक केळं आणि एक-दोन खजूर. घामातून मीठही जातं. नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम घसरतं. त्यामुळे बाटलीत लिंबू-सरबत, चिमूटभर मीठ घालून.

2015 साली नाशिकच्या डॉ. महाजन बंधूंनी आळीपाळीने सायकल चालवत 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली. आपण निदान ऑरोरापर्यंत तरी धडधाकट जाऊन येऊ!