कवळी आणि जबड्याचा सांधा



युनियनचा माणूस दातांवर काय बोलणार, अशी शंका काहींच्या मनात आली असेल. ती रास्त आहे. आम्ही डॉक्टर नव्हे. आमची शाळा कारखान्याच्या फाटकावर भरली. पण आमचे काम तोंडावर चालते, आणि ते तोंडच एकदा बंद पडले, म्हणून हे बोलणे.

आमची पूर्ण कवळी बारा वर्षांची जुनी. एका द्वारसभेत घोषणा देताना कानापाशी कट्ट असा आवाज झाला आणि जबडा अडकला. त्याआधी कित्येक महिने आम्ही कान दुखतो म्हणून कानात तेल घालीत होतो! वर शहाणपण असे की, टोचणारी कवळी फिटरच्या कानशीने स्वतःच घासली. दुखणे वाढले.

पुढे दंतवैद्याने समजावले. कानापुढे बोट ठेवून तोंड उघडा. हलतो तो जबड्याचा सांधा. त्यात हाडाचे टोक, वर खोबण आणि मध्ये मऊ चकती. दात गेले की हिरडीखालचे हाड झिजत जाते, खालच्या जबड्याचे अधिक. कवळी ढिली होते, तिचे दातही झिजतात, हनुवटी नाकाकडे सरकते. अशी कवळी जागेवर धरता धरता स्नायू थकतात आणि काहींचा सांधा दुखू लागतो. शाफ्ट वाकडा बसला की बेअरिंग भोगते, हे कामगारांस सांगायला नको.

तथापि निकाल एकतर्फी देऊ नये. १९३४ साली अमेरिकेतील कानाचे डॉक्टर जेम्स कॉस्टेन यांनी दात गेलेल्यांच्या कानदुखीचा संबंध या सांध्याशी जोडला. पण त्यांची कारणमीमांसा पुढे टिकली नाही. मनाचा ताण, जबडा आवळण्याची सवय, संधिवात यांचाही यात वाटा असतो. कवळी वापरणाऱ्या प्रत्येकाला हे दुखणे होतेच असेही नाही.

उपाय साधे आहेत. रात्री कवळी काढून पाण्यात ठेवावी. दुखत असता मऊ अन्न खावे, शेक घ्यावा, मोठी जांभई आवरावी. कवळी नियमाने तपासून घ्यावी. अस्तर बदलायचे की नवी करायची, हे दंतवैद्याने ठरवावे, कानशीने नव्हे. आमच्या कवळीची उंची त्यांनी हळूहळू वाढवली. आज आम्ही आपल्यापुढे उभे आहोत.

पण वडीगोद्रीहून छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात खेपा घालायच्या, म्हणजे प्रत्येक खेपेला एक रोज बुडाला. १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्याने हंगामी कारखाने बाहेर ठेवले, त्यांत साखर कारखानेही आले. जायकवाडीच्या कालव्याने या भागात ऊस आणला. तो तोडणाऱ्याच्या दातांची चौकशी कोणी केली?

दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, असे आपण म्हणतो. कवळी हाती दिली म्हणजे ही म्हण खोटी ठरत नाही. पुढची तपासणीही गावाजवळ मिळाली पाहिजे. ती मागणी आम्ही करणार आहोत. आपण साथ द्यावी.