मुलगा जपानला, हिशेब आपल्या घरी

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



सभेत उभे राहून बोलण्याची माझी ही पहिलीच वेळ. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा मोठमोठे विचार माझ्यापाशी नाहीत. पण आमचा थोरला जपानला शिकावयास गेल्यापासून आपल्यापैकी कितीतरी जणी मला गिरणीत, भाजी घेताना थांबवतात आणि विचारतात, "काय हो, तिकडे मुले काम करून आपली फी भरतात म्हणे. आमच्याला पाठवावे का?" एकेकीला रस्त्यात उभ्याने सांगण्यापेक्षा सर्वांना एकदाच सांगावे, म्हणून आज बोलते.

काम करून शिकणे आपल्याला नवे नाही. पूर्वी गरिबाची मुले माधुकरी मागून, वार लावून शिकत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि 'कमवा आणि शिका' हा रस्ता घालून दिला. जपानात विद्यार्थ्यांच्या अर्धवेळ कामाला 'अरुबाइतो' म्हणतात. शब्द मूळचा जर्मन. तेथल्या चांगल्या घरची मुलेही दुकानात, हॉटेलात काम करतात आणि त्यात कोणी कमीपणा मानीत नाही.

पण बाहेरच्या देशातून आलेल्या मुलाला शिकण्याचा परवाना असतो, कामाचा नव्हे. कामाची वेगळी परवानगी काढावी लागते. ती विमानतळावर उतरतानाच मागता येते आणि तिचा शिक्का त्याच्या रहिवासी कार्डाच्या मागे पडतो. त्यावर आठवड्याला २८ तासच काम करता येते. दोन ठिकाणी केले तरी दोन्ही मिळून २८. शाळेच्या लांब सुट्टीत मात्र दिवसाला ८ तासांपर्यंत चालते. दारूचे बार, पाचिंको नावाचे जुगारासारखे अड्डे, अशा जागी काम करण्यास मनाई आहे. तेथे नुसती भांडी घासणे किंवा झाडलोट करणेही चालत नाही.

आमचा मुलगा २०२४ च्या ऑक्टोबरात टोकियोला भाषेच्या शाळेत गेला. ज्या माणसाने त्याचे कागद केले, तो म्हणाला होता, "काकू, गेल्या गेल्या काम मिळते. फीचीसुद्धा काळजी नको." आम्ही विश्वास ठेवला. प्रत्यक्षात पहिले दोन महिने कामच मिळाले नाही. हाताने लिहिलेला, फोटो लावलेला अर्ज घेऊन तो दारोदार हिंडला. मालक फोनवर काय विचारतो हेच त्याला समजेना. वार कोणते, किती वाजल्यापासून येशील, एवढे साधे प्रश्न. पण भाषा पाठ केलेली वेगळी आणि कानावर पडणारी वेगळी.

तेथे कामाच्या पायऱ्याच आहेत. भाषा थोडी असेल तर कारखान्यात जेवणाचे डबे भरणे, हॉटेलातल्या खोल्या आवरणे, गोदामात माल लावणे. जरा बोलता आले की हॉटेलचे स्वयंपाकघर. नीट बोलता, वाचता आले की मग चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानाचा गल्ला. आमच्या मुलाला डबे भरण्याचे काम मिळाले, आणि त्या डब्यांत मासे आणि मांस! आमच्या घरी माळ आहे, वारी आहे. तो फोनवर गप्पच झाला. मलाही घास गोड लागेना. शेवटी सासूबाईंनी फोन घेतला. म्हणाल्या, "अरे, हातमोजे घालतोस ना? मग भर डबे. पोटासाठी करतोस, जिभेसाठी नव्हे. पांडुरंगाला एवढे कळते."

आता हिशेब सांगते, कारण आपण बायकांनी तोच आधी मांडायला हवा. टोकियोत ऑक्टोबर २०२५ पासून किमान मजुरी तासाला १,२२६ येन आहे. पुरे २८ तास मिळाले तर आठवड्याचे ३४,३२८ आणि चार आठवड्यांचे १,३७,३१२ येन. आमच्या मुलाचे दोघांत घेतलेल्या खोलीचे भाडे ४०,००० येन. जेवणखाण ३०,०००. वीज, फोन, विमा आणि गाडीभाडे मिळून २०,०००. उरले ४७,०००. शाळेची वर्षाची फी ८ लाख येन, म्हणजे महिन्याला जवळजवळ ६७,०००. म्हणजे सगळे नीट चालले तरी महिन्याला २०,००० येन कमीच पडतात. एका येनाचे साधारण ५५ ते ६० पैसे धरा, म्हणजे ११-१२ हजार रुपये झाले. आणि परीक्षेच्या दिवसांत तास कमी होतात, ते वेगळेच.

हा हिशेब आम्ही त्याला पाठवण्याआधी मांडलाच नव्हता. फीचा दुसरा हप्ता आला तेव्हा त्याचा फोन आला. कोणी त्याला रात्रीचे काम देऊ केले होते, रोख पैसे, कागदावर काही नाही. "आई, इथे पुष्कळ मुले करतात." त्याचे वडीलही म्हणाले, करू दे. माझा जीव मात्र खालीवर झाला. चौकशी केली तेव्हा कळले, की तास जास्त झाले तर परवान्याचे नूतनीकरण नाकारतात, परत पाठवतात. सगळी फी पाण्यात, आणि मुलाच्या नावावर डाग कायमचा. मी त्याला म्हटले, "तू एक तासही जास्त करायचा नाहीस. हप्त्याचे आम्ही बघतो."

म्हटले खरे, पण बघायचे कसे? आपल्या मंडळाच्या भिशीत माझा नंबर नववा होता. त्या दिवशी मी येथे येऊन रडले, आणि आपण सर्वांनी फारसे काही न विचारता मला तिसरा नंबर दिलात. तो हप्ता त्यातून गेला. पुढच्या हप्त्यांसाठी मी आपल्या भागात भाड्याने राहणाऱ्या नोकरदार मुलांचे पोळीभाजीचे डबे सुरू केले. तिकडे मुलगा डबे भरतो, इकडे आई. आता तो दुकानाच्या गल्ल्यावर आहे. रात्री दहानंतरच्या तासांना पाव पट जास्त मजुरी मिळते, पण ते तासही २८ मध्येच.

तेव्हा भगिनींनो, मुलाला पाठवू नका असे मी म्हणत नाही. जरूर पाठवा. पण आधी भाषा येथेच पक्की करू द्या. जपानी भाषेची परीक्षा पुण्यात जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. अरुबाइतोचे पैसे पोटापाण्याचे धरा, फीचे धरू नका. निदान सहा महिन्यांचा खर्च हाताशी ठेवा. आपले बँकेचे पुस्तक आणि रहिवासी कार्ड कोणी कितीही पैसे देतो म्हटले तरी देऊ नये, हे मुलाला बजावून सांगा. त्यातून मुले पोलिसांच्या हाती लागतात. आणि तो फोनवर दमलेला वाटला तर किती कमावलेस हे आधी विचारू नका. जेवलास का, वर्गात जातोस का, हे विचारा.

मंडळाने मला अडचणीत हात दिला, त्याचे ऋण आज चारचौघींत बोलून दाखविता आले.