गिरणीवाला ऑलिव्हर इव्हान्स



अठराव्या शतकातील अमेरिकन गिरणीत ओढ्याचे पाणी फक्त दगड फिरवी. उरलेले सारे काम माणसाच्या पाठीवर असे. धान्याची पोती माडीवर वाहायची, दळलेले ऊन, दमट पीठ पुन्हा वर चढवायचे, ते एका पोराने दाताळ्याने पसरून निववायचे आणि मग चाळायचे. त्यात पायाची माती मिसळे ती वेगळीच.

१७५५ साली डेलावेअरमध्ये जन्मलेल्या ऑलिव्हर इव्हान्सने हे कष्ट जवळून पाहिले. चाके घडविणाऱ्या सुताराकडे उमेदवारी केलेला हा तरुण पुढे दुकानदारही झाला. पण खरा रमला तो भावांसह रेड क्ले ओढ्यावर उभारलेल्या गिरणीत. पट्ट्यावरील डब्यांची माळ धान्य वर नेई, मळसूत्री दांडा ते आडवे सरकवी आणि फिरते दाताळे पीठ निववी. या दाताळ्याला ‘हॉपर-बॉय’ म्हणत. ज्या पोराची गरज संपली, त्याचेच नाव यंत्राला राहिले! त्या पोराचे पुढे काय झाले, याची नोंद मात्र कोणी ठेवली नाही.

शेजारचे गिरणीवाले पाहावयास आले तेव्हा गिरणी आपोआप चालू होती आणि मालक शेतात गवत कापीत होता, असे सांगतात. तरीही ते नाक मुरडून परतले. पुढे त्यांनीच ही युक्ती उचलली. १७९० साली इव्हान्सला संघराज्याचे तिसरे पेटंट मिळाले. जॉर्ज वॉशिंग्टननेही परवाना घेऊन आपल्या गिरणीत ही यंत्रे बसविली. त्याच्या जमिनीवर कष्ट उपसणारे गुलाम होते, हेही येथे विसरून चालणार नाही.

१८०८ मध्ये काँग्रेसने पेटंटची मुदत वाढवून दिली. इव्हान्सने परवान्याचे दर चढविले, खटले भरले. तेव्हा १८१३ साली जेफरसनने लिहिले की, डब्यांची माळ ही तर जुनीच पाणी उपसण्याची रहाटाची तऱ्हा. कोकणातील बागायतदारानेही रहाटगाडगे दाखवून हेच म्हटले असते. आक्षेप निराधार नव्हता. पण सुटे भाग जोडून दळणाची अखंड साखळी करणे ही इव्हान्सचीच बुद्धी.

उच्च दाबाचे वाफेचे इंजिन, १८०५ चे फिलाडेल्फियातील गाळ उपसणारे वाफेचे यंत्र, गिरणीवाल्यांसाठी लिहिलेला ग्रंथ, असा त्याचा व्याप मोठा होता. १८१९ च्या एप्रिलमध्ये तो न्यूयॉर्कमध्ये असताना फिलाडेल्फियातील त्याचा कारखाना जळाला. चारच दिवसांनी तो वारला.