आराखडा गणपतीत, काम पावसाआधी



दर वर्षी २ ऑक्टोबरच्या सुमाराला गावोगावी ग्रामसभा भरते आणि पुढच्या आर्थिक वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्याची तयारी सुरू होते. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली आणि अकराव्या अनुसूचीतले २९ विषय पंचायत राज संस्थांकडे सोपवण्याची वाट मोकळी झाली. महाराष्ट्रात चौदाव्या वित्त आयोगाच्या वेळी, २०१५-१६ पासून, 'आमचं गाव, आमचा विकास' या नावाने आराखडे व्हायला लागले आणि निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर येऊ लागला. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगडपासून राजापूरपर्यंतच्या नऊ तालुक्यांत मिळून, साडेआठशेच्या आसपास ग्रामपंचायती आहेत. पंचायत समितीत विस्तार अधिकारी म्हणून त्यातले पुष्कळ आराखडे माझ्या हाताखालून गेले. आज मी बोलणार आहे ते आराखडा मंजूर झाल्यानंतरच्या वर्षाबद्दल. पैसा कमी पडतो हे खरंच आहे, पण आलेला पैसाही वेळेत खर्च होत नाही, आणि त्याची दोन कारणं मला जवळून दिसली: जागा आणि दिवस.

आधी जागेचं बोलू. मुख्य रस्त्यावरून खालच्या वाडीत उतरणारी एक पाखाडी डोळ्यांसमोर आणा. चिऱ्याच्या पायऱ्या, त्याही निम्म्या उखडलेल्या. वाडीत राहिलीत ती बहुतेक वयस्कर माणसं. पावसात पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि कुणी आजारी पडलं, तर खुर्चीत बसवून चौघांनी उचलून वर रस्त्याला आणावं लागतं. अशा कामाला ग्रामसभेत कुणाचा विरोध नसतो. शाखा अभियंता येतो, टेप लावतो, अंदाजपत्रक होतं, तांत्रिक मान्यताही मिळते. आणि मग कळतं की ही वाट ग्रामपंचायतीच्या रस्त्यांच्या नोंदवहीत, म्हणजे आपण ज्याला तेवीस नंबर म्हणतो त्यात, नोंदलेलीच नाही. पिढ्यान्‌पिढ्या लोक तिच्यावरून चालतायत, पण कागदोपत्री ती कुणाच्या तरी खाजगी जागेतून जाते. सातबारा काढावा तर त्यावर दहा-बारा नावं. दोघे मयत, वारस नोंद झालेली नाही. तिघे-चौघे मुंबईत, एक बहीण लग्न होऊन पुण्याला. जागा जाणार गुंठाभरही नाही, पण संमतीपत्रावर सह्या मात्र सगळ्यांच्या लागतात.

हे काही कुणा एकाच्या हट्टामुळे झालेलं नाही. आपल्या जिल्ह्याचा जमिनीचा इतिहासच तसा आहे. इथे खोती होती, म्हणजे गाव खोताच्या हाती आणि जमीन कसणारी कुळं त्याच्या हाताखाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४९ साल उजाडलं. पुढे कुळं जमिनीची मालक झाली. घरं वाढली, भावाभावांत वाटण्या झाल्या, पण त्या बहुतेक तोंडी. शेत कुणी कसायचं ते ठरलं आणि कागद होता तसाच सामाईक राहिला. आज पाखाडी, साकव, नळाची टाकी, अंगणवाडी, कुठलंही काम घ्या, ते त्या सामाईक सातबाऱ्यापाशी येऊन थांबतं. मग ग्रामसेवक मुंबईला फोन लावत बसतो. एक सही येते, दुसरी येत नाही. वर्ष संपतं आणि काम 'जागेअभावी रद्द' म्हणून पुढच्या आराखड्यात जातं.

आता गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट ही की ज्यांच्या सह्या हव्यात ती सगळी माणसं वर्षातून एकदा एका छपराखाली येतातच. गौरी-गणपतीला. पण आराखड्याची मोहीम सुरू होते ऑक्टोबरमध्ये, मुंबईचे चाकरमानी परत गेल्यावर. राज्याच्या वेळापत्रकात कोकणचा विचार नसेल, तर तो आपण आपल्या गावापुरता करायला हवा. संगमेश्वर तालुक्यातल्या एका गावाने तो केला. श्रावणातच वाडीची बैठक झाली. पुढच्या वर्षी कुठली कामं धरायची ते साधारण ठरलं, प्रत्येक कामाचे सातबारे काढून झाले आणि संमतीपत्राचा मसुदा गावाच्या मुंबईतल्या मंडळाला व्हॉट्सअॅपवर पाठवला गेला. गणपतीत सरपंच आणि ग्रामसेवक घरोघर आरतीला जातात तेव्हा कागद बरोबर होते.

तिथे मी जे पाहिलं ते सांगतो. एका घरी थोरल्या भावाने कागद हातात धरला आणि बराच वेळ नुसता वाचत राहिला. मग म्हणाला, "सरपंचानु, सही करीन. पण आमच्या वडलांनी लावलेलं कलम आहे कडेला, ते जाणार असेल तर नको." कागदावर समजावून उपयोग नव्हता. सरपंच त्याला घेऊन पावसाच्या सरीतच वाटेवर गेले, दोन्ही कडांना खुंट्या मारल्या आणि सुतळी ओढली. कलम सुतळीच्या पलीकडे हातभर राहिलं. भावाने तिथे उभं राहून सगळं नीट पाहिलं, घरी आला आणि सही केली. त्याच्यामागून धाकट्यांनीही केल्या. नकाशावर दोन मीटर रुंदी लिहिलेली असते, मालकाला मात्र ती जमिनीवर दिसावी लागते. त्या गावाच्या आराखड्यात त्या वर्षी जी कामं गेली, ती संमतीपत्र जोडूनच गेली. मयतांच्या वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे अर्जही त्याच आठवड्यात पडले.

आता दिवसांचं. आपल्याकडे जून ते सप्टेंबरात तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. चिरेखाणी बंद, मातीकाम अशक्य. ऑक्टोबरात भातकापणी. मार्च उजाडला की काजू आणि आंबा. मग मजूर गावात असूनही कामावर मिळत नाही. त्यातच शिमगा, आणि ३१ मार्चची घाई. म्हणजे बांधकामाला खरे चांगले दिवस दिवाळीनंतरचे, फेब्रुवारी अखेरपर्यंतचे. एप्रिल-मे हाताशी राहतात, पण तेव्हा कितीतरी वाड्यांत पाण्याचीच टंचाई असते, काँक्रीटवर पाणी मारायला आणायचं कुठून? १ एप्रिलला आर्थिक वर्ष सुरू झालं की कागद हलायला लागतात आणि प्रशासकीय मान्यता येईपर्यंत पाऊस तोंडावर येतो. त्या वेळी "आता पावसाळ्यानंतर बघू" असं म्हणून फाइल बाजूला ठेवली जाते, तिथेच वर्ष निसटतं. पावसाळा हाच कागदांचा हंगाम आहे. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, निविदा ही सगळी कामं त्या चार महिन्यांत उरकली, तर दसऱ्याला कार्यारंभ आदेश ठेकेदाराच्या हातात पडू शकतो.

हे आपल्याला जमत नाही असं नाही. आपले विजय बंधारे आणि वनराई बंधारे बघा. सिमेंटच्या रिकाम्या गोणी, माती, दगड आणि श्रमदान, एवढ्यावर जिल्हाभर दर वर्षी बंधारे उभे राहतात, आणि वेळेवर राहतात. कारण त्यांची तारीख पऱ्याचं पाणी ठरवतं. धार आटल्यावर बांध घालून काय अडवणार, हे वाडीतल्या पोरालाही ठाऊक असतं. पाखाडी आणि साकवाच्या कामालाही अशी शेवटची तारीख ठरवून ती ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहायला हवी.

पैशाच्या वाटपाबद्दलही माझं एक स्पष्ट मत आहे. वित्त आयोगाचा निधी मुख्यतः लोकसंख्येवर ठरतो. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली १६,९६,७७७ होती, ती २०११ च्या जनगणनेत १६,१५,०६९ वर आली. माणसं कमी झाली, पण डोंगरउतारावर पसरलेल्या वाड्या तेवढ्याच राहिल्या, आणि प्रत्येक वाडीला वाट, दिवा, पाणी लागतंच. पंधराव्या वित्त आयोगात तर ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेली. उरलेल्या ४० टक्क्यांत बाकी सगळं. अशा वेळी गावं काय करतात? वाडीवार सारखी वाटणी. दहा वाड्यांना दहा तुकडे. त्या दिवसापुरता वाद मिटतो, पण इथे पंधरा मीटर पाखाडी, तिथे अर्धी गटारं, असं होऊन कुठलीच वाट घरापर्यंत पोचत नाही. माझं म्हणणं आहे की एका वर्षी एका-दोन वाड्यांचं काम पुरतं करावं आणि पुढच्या चार वर्षांची पाळी ठरावात नावानिशी लिहून ठेवावी. पाळी लिहिलेली असली की लोक थांबतात. तोंडी शब्दावर थांबत नाहीत, आणि का थांबावं त्यांनी?

शिवाय लोकांना आकडा कळला पाहिजे. आफ्रिकेतल्या युगांडा देशात १९९१ ते १९९५ या काळात प्राथमिक शाळांसाठी निघालेल्या वेतनेतर अनुदानातलं सरासरी १३ टक्केच शाळेपर्यंत पोचत असल्याचं एका पाहणीत दिसलं. पुढे सरकारने रकमा वर्तमानपत्रांत छापायला आणि शाळेच्या भिंतीवर लावायला सुरुवात केली, तेव्हा पोचणारा वाटा पुष्कळ वाढला. आपल्याकडे कामाचा फलक लागतो, पण बहुतेक वेळा काम संपल्यावर. तो आधी लागावा: लांबी किती, रुंदी किती, काँक्रीटची जाडी किती, रक्कम किती. वाडीतल्या बाईला आपल्या दारापुढची पाखाडी टेपने मोजता आली पाहिजे. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर माहिती असते, पण ती किती घरांत बघितली जाते?

मोजणारी, समजणारी माणसं गावात नाहीत, असं कुणी म्हणेल. केरळने १९९६ मध्ये लोकयोजना मोहीम सुरू केली तेव्हा त्यांनाही हाच प्रश्न पडला होता. त्यांनी निवृत्त अभियंते, डॉक्टर, शेतीतज्ज्ञ यांचं स्वयंसेवी तांत्रिक दल उभं केलं आणि पंचायतींचे आराखडे तपासायला त्यांची मदत घेतली. रत्नागिरीत तर अशी माणसं घरोघर आहेत. मुंबई महापालिकेत, रेल्वेत, गोदीत, बेस्टमध्ये उभी हयात काढून गावी परतलेली. कुणी ओव्हरसिअर होतं, कुणी फिटर, कुणी हिशेबनीस. नळपाणी योजनेचा पंप वर्षातून दोनदा जळतो तो का, हे त्यातला एखादा फिटर तासाभरात सांगेल. योजना बांधणं एका वर्षाचं काम, ती चालवणं पुढच्या वीस वर्षांचं. वीजबिल, पाणीपट्टी, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या माणसाचा पगार, हे सगळं योजनेच्या पहिल्या ठरावातच लिहिलेलं असावं, आणि ते लिहायला हीच माणसं उपयोगी पडतील.

तेव्हा निवृत्त होऊन गावी आलेल्या श्रोत्यांना माझी विनंती आहे. या आठवड्यात ग्रामपंचायतीत जा आणि गेल्या वर्षीच्या आराखड्याची प्रत मागा. तुमच्या वाडीच्या नावापुढे कुठलं काम आहे, त्याची तेवीस नंबरला नोंद आहे का, संमतीपत्र झालं आहे का, एवढं बघा. झालं नसेल तर सातबाऱ्यावरची नावं एका कागदावर उतरवून मुंबईच्या मंडळाच्या चिटणीसाला आजच कळवा, म्हणजे गणपतीला येताना माणसं आधार कार्डाची प्रत बरोबर घेऊन येतील.