आंबट संत्र्याची भीती नको

आंबिया बहाराची संत्री नागपूरच्या बाजारात आली की घरोघरी एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आंबट खाऊ नका, सांधे धरतील." ही भीती मनातून काढून टाका.

पाण्यात हायड्रोजन आयन किती सहज सुटतात, यावर आम्ल तीव्र की सौम्य हे ठरतं. जठरातल्या हायड्रोक्लोरिक आम्लाचे जवळजवळ सगळे रेणू ते सोडतात. संत्र्यातल्या सायट्रिक आम्लाचे थोडेच रेणू सोडतात, म्हणून ते सौम्य. शेतकरी बांधव मातीचा जो सामू तपासून घेतात, तो म्हणजे आम्लता सांगणारा आकडा, अर्थात पीएच. संत्र्याच्या रसाचा सामू साधारण साडेतीन, तर रिकाम्या जठरातला दीड-दोन असतो. सामू एकाने उतरला की आम्लता दहापट होते. शिवाय अन्नातून ऊर्जा मिळवताना आपल्या पेशी एका चक्राकार क्रियेत स्वतःच सायट्रिक आम्ल तयार करतात. जीवरसायनशास्त्रज्ञ हान्स क्रेब्ज यांनी १९३७ मध्ये हे चक्र मांडलं. रक्ताचा सामू शरीर ७.४ च्या आसपास राखतं. संत्र्याने तो ढळत नाही.

उलट सांध्यांना संत्र्याचा फायदाच आहे. शरीरातल्या क्रिया झपाट्याने घडवून आणणारी आणि स्वतः खर्च न होणारी प्रथिनं म्हणजे विकरं, अर्थात एन्झाइम. सांध्यांतली कूर्चा, हाडं आणि हिरड्यांमधलं कोलॅजन हे प्रथिन घडवणाऱ्या विकरांना क जीवनसत्त्व लागतं. गाय-बकरी ते यकृतात बनवतात. आपल्यात मात्र ते बनवणारं शेवटचं विकर नाही, म्हणून ते फळं-भाज्यांतूनच घ्यावं लागतं.

विकराची करामत घरीही दिसते. संत्र्याचा ताजा रस चाखा, थोडा झाकून ठेवा आणि काही तासांनी पुन्हा चाखा. तो कडवट लागेल. रस काढताना फळाच्या पेशी फुटतात आणि आम्ल व विकर मिळून एका बेचव पदार्थाचं कडू लिमोनिन करतात. नागपुरी संत्र्याच्या रसउद्योगाची ही मोठी अडचण आहे.

म्हणून संत्रं सोलून फोडी खा, रस काढलात तर लगेच प्या. जेवणासोबत खाल्लंत तर भाजी-डाळीतलं लोह अंगी लागतं. नंतर चूळ भरा, पण अर्धा तास दात घासू नका, कारण आम्लाने दातांचं आवरण तेवढ्यापुरतं मऊ होतं. ज्यांना छातीत जळजळ होते किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावं. बाकीच्यांनी संत्रं आवर्जून खावं, विशेषतः मुलांना द्यावं.