तान्ह्याचा ताप आणि भट्टीवरचा खाडा



मी डॉक्टर नव्हे. मजुरांत वावरलेला माणूस. तान्ह्याच्या तापाविषयी बोलता बोलता वीटभट्टीवर गेलो, तर विषय सुटला असे समजू नका.

बाळ तापले की आपण टोपडे बांधतो, गोधडीत गुंडाळतो. अंगातली उष्णता मग बाहेर जाणार कोठून? एक सुती झबले पुरे. बर्फाचे पाणी नको. पुन्हा पुन्हा अंगावर पाजावे. पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे, डॉक्टरांनी सांगितले तेवढेच. मोठ्यांची अ‍ॅस्पिरिनची गोळी चुरून कधीही देऊ नये.

ही शुश्रूषा मात्र तीन महिन्यांच्या आतील बाळासाठी नव्हे. त्याला १००.४ अंश फॅरनहाइट ताप भरला, की तडक दवाखाना; रात्र असली तरी. मोठ्या बाळानेही पिणे सोडले, हलवूनही ते जागे होईना, श्वासागणिक बरगड्यांखाली खळगा पडू लागला किंवा झटका आला, तर १०८ ची गाडी बोलवावी. झटक्यात कांदा-चप्पल हुंगवत बसू नये. कुशीवर वळवावे, तोंडात काही कोंबू नये.

हे सारे पाळायला आईला सवड हवी. शहापूर-मुरबाडची कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर उचल घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या भट्ट्यांवर जातात, पावसाच्या तोंडी परततात. नवजात बाळ पाहायला आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा येते, बाळंतपण घरी झाले असल्यास सात वेळा. पण वहीतले नाव पाड्यावर आणि बाळ भट्टीवर! मजुरी हजार विटांवर. दवाखान्यात गेले की खाडा, आणि उचल तेवढी लांबते. म्हणून आई म्हणते, ‘उद्या बघू.’ याला अडाणीपणा म्हणणाऱ्यांनी तिचा हिशेब एकदा मांडून पाहावा.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायांना शिकवून नवजातांची काळजी घरोघर नेली. तेथील नवजात-मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. त्या बाया बाळाच्या दारात पोचत होत्या.

आपल्याकडे दार दर हंगामात हलते. तेव्हा कुटुंब निघतानाच आशाताईने भट्टीचे ठिकाण लिहून घ्यावे आणि तिकडच्या आशाताईला फोन करावा. सभेत भट्टीमालकांचे स्नेही असतील, त्यांना एवढेच सांगणे: भट्टीवर एक तापमापक ठेवायला लावा, आणि बाळाच्या तापाच्या दिवशी खाडा मांडू देऊ नका.